शेऱ्याचा रकाना

त्या सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाबरून नाही. या गोष्टीत सगळ्यात वाईट माणूस ते नाहीत, म्हणून. तरी राग सांगायचा तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते, कारण जीपमधून उतरले ते तेच.

साल २००८. आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. पैनगंगेच्या अलीकडे, बेला गावापासून सहा किलोमीटरवर आमची बोरखडी. मी बी.एस्सी. होऊन जनावरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर अटेंडर होतो. बी.एस्सी. म्हणजे आमच्या बौद्धवाड्यात तेव्हा केवढी मोठी गोष्ट. आणि काम काय, तर डॉक्टर सुई टोचेस्तोवर गाईचं शेपूट धरून उभं राहायचं. आठ वर्षं शेपूट धरलं. मला कायम करण्याचा कागद हैदराबादला जायचा आणि तिकडेच राहायचा.

होळी झाली आणि सर आले, हैदराबादहून संशोधनाचा एक प्रकल्प घेऊन. चावडीसमोर उभं राहून त्यांनी लोकांना हिंदीत समजावलं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात चारा आंबतो. त्यातून मिथेन नावाचा वायू तयार होतो, जनावर तो बाहेर टाकतं आणि त्यानं जगाची हवा तापते. वायू म्हटल्यावर लोकांना जे सुचायचं तेच सुचलं, दोघांनी तर तसा आवाजही काढून दाखवला. सर शांतपणे म्हणाले, "पीछे से नहीं, मुँह से. डकार से." त्यात त्यांचं बरोबर होतं. पुढचंही बरोबरच होतं. बाभळीची शेंग, धावड्याचा पाला, असल्या तुरट चाऱ्यात टॅनिन असतं. वायू तयार करणाऱ्या पोटातल्या जंतूंना ते आवरून धरतं. म्हणजे शेंग खाणाऱ्या जनावराचा मिथेन कमी व्हायला हवा, आणि तो किती कमी होतो ते त्यांना आकड्यांत दाखवायचं होतं. खोटं कशाला बोलू, ते ऐकून माझी छाती फुगली. आमच्या बांधावरची काटेरी बाभूळ जगाच्या कामाची निघाली होती.

आता वाटतं, हैदराबादच्या एका चौकात जेवढ्या गाड्या धूर ओकत उभ्या असतात त्या सोडून हे लोक बोरखडीच्या कालवडीचा ढेकर मोजायला कसे काय आले! पण असलं सुचायला आधी अंगाची आग व्हावी लागते. तेव्हा मी सरांची बॅग उचलून त्यांच्या मागे चालत होतो.

प्रयोग ठरला पांडुरंगराव पाटलांच्या गोठ्यात. आठ कालवडी त्यांच्याच. चौघींना नुसता कडबा आणि सरकीची ढेप, आणि दुसऱ्या चौघींना त्याशिवाय रोज एकेक किलो बाभळीची वाळकी शेंग. असं साठ दिवस. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीच्या गळ्यात पांढऱ्या पाइपाचं एक वाकवलेलं जोखड अडकवायचं. आतली हवा आधीच काढून घेतलेली, आणि नाकपुडीपासून त्या जोखडापर्यंत बारीक नळी. कालवड श्वास सोडेल, ढेकर देईल, तसतसं ते जोखड भरत जाणार. भरलेलं जोखड मग हैदराबादला तपासायला जाणार.

गुरं सांभाळायला माणूस हवं होतं. पांडुरंगराव म्हणाले, "सोजर हाय ना." सोजरबाई म्हणजे माझी माय. तिची सगळी उमर पाटलांच्या गोठ्यात शेण काढण्यात गेली. पण गावात कोणाचं जनावर फुगलं, कोणाची गाय आडली, की लोक आधी तिला हाक मारायचे. तिच्याच्यानं झालं नाही तर दवाखान्यात, म्हणजे मी जिथं शेपूट धरतो तिथं. जनावराच्या पोटाला कान लावून ती सांगायची, आत काय चाललंय ते. यात चमत्कार काही नव्हता, चाळीस वर्षांची सवय होती.

नोंदवहीचं काम मला मिळालं. रोज शेंग तोलून द्यायची आणि संध्याकाळी वही भरायची. वही छापील, इंग्रजीतली. तारीख, कालवडीचा नंबर, दिलेली शेंग, उरलेली शेंग, शेणाचं वजन, आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना, रिमार्क्स. म्हणजे शेरा. त्याखाली रोज माझी सही. सर म्हणाले, "चंपत, तुम्हारा हैंडराइटिंग अच्छा है. काम साफ रखो, मैं तुम्हारे लिए लेटर लिखूँगा." लेटर म्हणजे मला कायम करावं म्हणून वरच्या ऑफिसला शिफारस. त्या एका शब्दावर मी साठ दिवस हवेत चाललो.

पहिल्या दिवशी कालवडींनी शेंगा हुंगून हुंगून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या टाकल्या. चौथ्या दिवशी तांबडीनं तोंडच फिरवलं आणि मोरी कुंथत उभी राहिली. शेण बघावं तर बकरीच्या लेंड्यांसारखं टणक. त्या दिवशी सर आलेले होते. माय शेणाचे हात पदराला पुसत सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, इतली कोरडी शेंग गाईचं पोट बांधते. बकरीची गोठ येगळी हाय, थे हिंडते, चार झाडं चाखते. हिले दावनीले बांधून रोज किलोभर तुरट घालसान तं हे मरन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मायचं वऱ्हाडी त्यांना कळत नव्हतं. मी तिच्याकडे पाठ करून, भराभर हिंदीत सांगितलं. काय सांगितलं? "सर, वो बोल रही है, खाने में थोड़ा टाइम लगेगा." मरणाचा शब्द मी गिळून टाकला. साहेबासमोर आपल्या आईनं काहीतरी अडाण्यासारखं बोलू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. सर म्हणाले, "दस दिन में आदत हो जाएगी," आणि जीपमध्ये बसून निघून गेले. मायला वाटलं, सांगून झालं.

तरीही जनावर कुंथताना बघत बसणारी ती नव्हती. आमच्या घरी बाभळीची शेंग राखेच्या पाण्यातून काढतात. बहात्तरच्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा पाटलांचे बैल माझ्या आज्यानं असेच जगवले होते. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांची, राख पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरच्या निवळ पाण्यात शेंगांचे तुकडे रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी पाणी काळपट तांबडं झालेलं असतं. ते ओतून द्यायचं, शेंगा खळबळून धुवायच्या. मग तोंडात टाकली तरी शेंग गोडसर लागते. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बी.एस्सी. झालेल्यालाही ठाऊक होतं.

मायनं पाटलांच्या टाकीजवळ टोपलं ठेवलं. पांडुरंगरावांच्या बायको, मालनबाई, ओसरीवरून ओरडल्या, "वं सोजर, तथी नोको! घरात वापराचं पानी हाय थे!" त्यांच्या गोठ्यातलं शेण काढायला मायचे हात चालत होते, त्यांच्या कालवडींच्या तोंडात घास घालायला चालत होते. टाकीत मात्र चालत नव्हते. दोन हजार आठ साली, आणि सगळ्या जगाची हवा वाचवायला निघालेल्या प्रकल्पात. मायनं टोपलं उचललं, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तोललेल्या शेंगांचं पोतं डोक्यावर घेऊन घरी यायला लागली. रात्रभर आमच्या अंगणातल्या टिनाच्या टपात शेंगा भिजायच्या. सकाळी तेच पोतं ओलं, पाणी गळतं, दुप्पट जड होऊन पुन्हा गोठ्यात जायचं. पाटलांच्या दारावरून जायचं आणि पाटलांच्या दारावरून यायचं.

आणि रोज संध्याकाळी मी वही उघडून बसलो की ती समोर येऊन उभी राहायची.

"लिव बापू. आजबी राखपान्यातून काढली. लिव, तांबडीनं सारी खाल्ली. लिव, मोरीचं शेन मऊ झालं. त्या साहेबाले समजलं पाह्यजे, का अशी घातली तं चालते."

मी लिहायचो. पेन कागदावरून सरकायचं, आणि ती त्या पेनाकडे बघत राहायची. मायला लिहिता-वाचता येत नाही. पेन थांबलं की ती मान डोलवायची आणि चुलीकडे जायची.

साठ दिवस झाले. कालवडींच्या गळ्यात पांढरी जोखडं आली, पोरंसोरं बघायला जमली, जोखडं हैदराबादला गेली. शेंगा खाणाऱ्या चौघी अंगानं भरल्या होत्या, कातडी चमकत होती. प्रयोग संपला तरी उरलेल्या शेंगा माय त्यांना तशाच भिजवून घालत राहिली.

मृगाचे दोन पाऊस होऊन गेल्यावर सर परत आले. जीपचं दार त्यांनी असं आपटलं की ओसरीवरची कोंबडी उडाली. पांडुरंगरावांच्या ओसरीवर खुर्ची टाकली होती, ते बसलेच नाहीत. हातातला कागद माझ्यापुढे नाचवत म्हणाले की आठही कालवडींचा मिथेन सारखा आहे. ज्यांना शेंग दिली आणि ज्यांना नाही दिली, त्यांच्यात काडीचा फरक नाही. "इसका एक ही मतलब है. शेंग इन जानवरों के पेट में गई ही नहीं. कहाँ गई?"

ते पांडुरंगरावांकडे वळले. पांडुरंगरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साब, पोता रोज शाम को सोजर के घर जाता था. मेरे आँखों से देखा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. शब्द न् शब्द खरा होता! पोतं रोज संध्याकाळी जात होतं. फक्त रोज सकाळी ते परत येत होतं, त्याच दारावरून, पाणी गाळत. गेलं तेवढं सांगितलं, आलं ते नाही सांगितलं. पाटलाला खोटं बोलावंच लागत नाही. अर्धं खरं बोललं की काम भागतं, उरलेलं अर्धं आमच्यासारख्यांच्या बोकांडी बसतं. मालनबाई दारात उभ्या होत्या. पोतं घरी का जातं हे त्या माउलीला तर पुरतं ठाऊक होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि आत निघून गेल्या.

सर म्हणाले, येताना बौद्धवाड्यातून आलो, तुमच्या दारात बकऱ्यांच्या लेंड्या पडल्यात, त्यात बाभळीच्या बिया आहेत, माझ्या डोळ्यांनी बघून आलोय. म्हणजे चोरी सिद्ध झाली! अहो, चैत्र-वैशाखात बोरखडीतली कुठली बकरी बाभळीची शेंग खात नाही? पाटलाची खाते, सरपंचाची खाते, देवाला सोडलेलीसुद्धा खाते. ओसरीखाली वीस-पंचवीस माणसं जमली होती, सगळी बकऱ्यांवाली. एकाच्या तोंडून निघालं नाही की साहेब, बकऱ्या शेंगा खातातच. उद्या आपल्या गोठ्यात प्रकल्प आला तर, असा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. यातल्या निम्म्यांची जनावरं मायनं मरणातून ओढून काढलेली.

सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी एक कागद तयार करूनच आणला होता, म्हणजे ओसरीवर विचारायच्या आधीच चोर ठरला होता. इंग्रजीत टाइप केलेला. चारा घालणारी बाई शेंगा गुरांना न घालता घरी नेत होती, असं माझ्या पाहणीत आलं, आणि खाली माझं नाव. सहीची जागा कोरी. सर हळू आवाजात म्हणाले, "पुलिस-विलिस कुछ नहीं. मुझे भी ऊपर जवाब देना है. तुम साइन करो, तुम्हारा नाम साफ रहेगा. लेटर भी दूँगा."

आता कोणी म्हणेल, मुलगा म्हणून तिथंच तो कागद फाडायचा. बरोबर आहे. राखेच्या पाण्याचं एक वाक्य बोललो असतो तर मायवरचा चोरीचा डाग जागच्या जागी पुसला गेला असता. पण ते बोललो असतो तर सरांनी वही उघडली असती. मला ते कळत होतं, म्हणून मी तो कागदच पुन्हा वाचत राहिलो. मी सही केली नव्हती. पण पेनाचं टोपण काढलं होतं. जे आहे ते सांगतो, टोपण काढलं होतं.

तेवढ्यात माय आली. गोठ्यात होती ती, कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. ओल्या शेंगांचं टोपलं कमरेवर तसंच. तिनं माझ्या हातातला कागद पाहिला, पेन पाहिलं.

"काय लिवलं हाय त्याच्यात?"

"काही नाही माय," मी म्हणालो.

पांडुरंगरावच बोलले. "तू शेंगा घरी नेल्या, असं लिवलं हाय, सोजर."

"नेल्या," माय म्हणाली. "आन आनल्याबी. तुमाले जाताना दिसलं, मालक, येताना काऊन नाई दिसलं? सकाऊन तुमचे डोये झाकलेले रायते का?"

माझ्या उभ्या जन्मात पाटलाला कोणी असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. पांडुरंगराव खाली बघायला लागले. मायनं टोपलं ओसरीच्या पायरीवर ठेवलं, बरं का, पायरीवर, आणि सरांना हातानं खूण केली, चला.

ती त्यांना गोठ्यामागच्या उकिरड्यावर घेऊन गेली. तिथं शेणाचे दोन ढीग होते. दोन्ही गटांचं शेण वेगळं तोला, वेगळं टाका, हे सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मायनं ते साठ दिवस पाळलं होतं. एक ढीग नुसता काळा. दुसऱ्यावर बोट-बोट उंचीची बाभळीची रोपं उगवून आली होती. शंभर असतील, दोनशे असतील. बारीक पानं पावसानं धुतलेली.

"ह्या ढिगात बाभूय कोठून आली, साहेब?" माय म्हणाली. "म्या पेरली?"

हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. सर उकिरड्याच्या कडेला उकिडवे बसले. एक रोप उपटून त्यांनी मुळाशी पाहिलं, शेणात फुटलेली बी बोटावर घेतली. मग दुसऱ्या ढिगाकडे पाहिलं. मागे आलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली, आणि जे इतका वेळ मुके होते ते एकमेकांना सांगायला लागले की हो, हो, खातच होत्या कालवडी, आम्ही पाहिलंय. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं मला.

"ठीक है, खाया," सर उठत म्हणाले. "तो फिर गैस कम क्यों नहीं हुआ?"

एवढं हिंदी मायला कळत होतं. ती गोठ्यातून कोरड्या पोत्यातली एक शेंग आणि पायरीवरचं टोपलं घेऊन आली आणि कोरडी शेंग सरांपुढे धरली. "खा."

सरांनी शेंग नुसती हातात घेतली. "खा," ती पुन्हा म्हणाली. "माह्या कालवडीनं खाल्ली, तुमीबी खा."

सरांनी शेंगेचा तुकडा मोडून चावला. त्यांचं तोंड कसं झालं ते मला अजून आठवतं. गाल आत ओढले गेले, जीभ टाळूला चिकटली, डोळे बारीक झाले. ते थुंकणार तेवढ्यात मायनं टोपल्यातली ओली शेंग त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. "आता हे."

ती त्यांनी चावली. एकदा चावली, पुन्हा चावली. चावता चावता थांबले. मग टोपल्यापाशी जाऊन त्यांनी शेंगांवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. धुऊनही शेंगांच्या खाचांत उरलेली थोडी करडी राख लागली होती बोटाला.

"राख," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "राख! राख के पानी से पूरा टॅनिन निकल गया. जो चीज़ टेस्ट करनी थी, वही धो डाली!" मला वाटलं ते हसतायत. ते हसत नव्हते. दोन वर्षांचं काम होतं त्यांचं. "साठ दिन! और किसी ने मुझे बताया नहीं? एक बार भी नहीं?"

त्यांच्या त्या ओरडण्यावर मला राग यायला हवा होता. नाही आला. त्या क्षणी तो माणूस खरं विचारत होता.

"सांगतलं," माय म्हणाली. तिच्या आवाजात आता रागही नव्हता, उलट जिंकल्याचा एक सूर होता. तिनं माझ्याकडे बोट केलं. "रोज सांगतलं. ह्याले सांगतलं. ह्यानं रोज लिवलं. वही काढा, वही खोटं बोलन का?"

वही जोखडांबरोबर सरांनीच नेली होती, ती आता जीपमध्येच होती. सरांनी ती आणली, उघडली आणि शेवटच्या रकान्यावरून बोट वरून खाली फिरवलं. पान उलटलं. पुन्हा बोट फिरवलं. मग वही उघडीच माझ्या हातात दिली आणि बाजूला झाले.

"वाच, चंपत," माय म्हणाली. "मोठ्यानं वाच. साऱ्याइले ऐकू जाऊ दे."

"माय, घरी जाऊन..."

"अथीच वाच."

मी वाचलं. "निल."

"म्हंजे?"

"म्हणजे... काही नाही."

"पुढचं वाच."

"निल."

ती जरा पुढे आली. वहीत डोकावली, जसं काही बघितलं तर तिला दिसणार होतं. "ज्या दिवशी मोरीचं शेन मऊ झालं, त्या दिवशीचं वाच."

"निल."

"तांबडीनं सारी खाल्ली, त्या दिवशीचं?"

"निल."

तिनं एकेक दिवस विचारला. तिला सगळे पाठ होते. गुढीपाडव्याचा, चौदा एप्रिलचा, बुद्धपौर्णिमेचा, ज्या दिवशी वादळानं टप उलटला आणि तिनं रात्री पुन्हा राख कालवली त्या दिवसाचा. प्रत्येक दिवसापुढे माझं सुंदर, उजवीकडे झुकलेलं, सरांनी वाखाणलेलं अक्षर होतं. गर्दीतलं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शेवटी ती विचारायची थांबली. "रोज तं लिवत होतास," ती म्हणाली. "म्या पाह्यत होती. इतली घडी पेन चालवत होतास. मंग काय लिवत होतास रे?"

खरं उत्तर असं होतं, की ती बोलत असताना मी सावकाश सही करायचो. निल लिहायला क्षण पुरतो. पण ती समोर उभी असायची, म्हणून मी सहीला वळणं देत बसायचो, तिचं बोलणं संपेपर्यंत. राखेचं पाणी, मऊ शेण, असलं काही इंग्रजी वहीत लिहिलं तर सरांना वाटेल, हाही तसलाच निघाला. शेणामातीतला. आठ वर्षं शेपूट धरून मी ज्या वासातून बाहेर पडू बघत होतो, तो वास मला त्या रकान्यात नको होता. पाटलिणीनं तिला टाकीला हात लावू दिला नाही आणि मी तिला वहीत येऊ दिलं नाही. पाटलिणीनं निदान तोंडावर तरी सांगितलं होतं. यातलं एक अक्षर मी मायला बोललो नाही.

सरांनी माझ्या हातातून तो टाइप केलेला कागद घेतला आणि चार तुकडे करून उकिरड्यावर टाकला. मग खिशातून स्वतःची छोटी वही काढली आणि गोठ्याच्या दगडावर बसले. "अम्मा," ते म्हणाले, "बताइए. राख कितनी? पानी कितना?" आणि सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाले, "चंपत, पूछो."

"ह्यानं नोको," माय म्हणाली.

सरांना कळलं नाही. ती मला ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि बाजारात शिकलेल्या मोडक्या हिंदीत सांगायला लागली. "राख... दो पायली. पऱ्हाटी का. बाभूल का राख नहीं चलता." सर पुन्हा विचारायचे, ती पुन्हा सांगायची, हातानं टोपल्याची मापं दाखवायची. अडलं की तिनं पांडुरंगरावांच्या गड्याला विचारलं, रस्त्यावरून चाललेल्या तेलंगी मास्तराला थांबवून विचारलं. मी चार हात लांब उभा होतो, मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषा येणारा. माझ्या पेनाचं टोपण अजून उघडंच होतं.

पुढं मी कायम झालो, दोन वर्षांनी, सरांच्या लेटरनं नाही, सरकारी यादीनं. आता ऑफिसात कारकून आहे. अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. तेलुगू, इंग्रजी, मराठी, जसा पाहिजे तसा लिहून देतो. कोणाला नाही म्हणत नाही. माय माझ्याच घरात राहते, माझ्या हातचा चहा पिते, नातवंडांना मांडीवर घेते. चोरीचं बोलणं तर गाव त्याच दिवशी विसरलं.

पण रेशन कार्डाचा का होईना, अर्ज लिहायचा असला की ती कागद घेऊन शेजारच्या जयवंताबाईच्या सुनेकडे जाते. ती पोरगी सहावी शिकलेली. अक्षर कोंबडीच्या पायाचं, रकाने चुकवते. माय तिच्यासमोर बसून सगळं सांगते, पेन थांबेपर्यंत थांबते आणि मग म्हणते, "आता वाचून दाखव."